लीलाताई मुळगावकर

शिरूरला किंवा दौंडला रक्तदानाचे शिबिर भरलेले तुम्ही पाहिले असेल. मोठी माणसे रांगेत उभी राहतात आणि मोबदला न घेता रक्त देतात. पूर्वी असे नव्हते. रुग्णासाठी अनेकदा पैसे मोजून रक्त घ्यावे लागे. ते विकणारे कित्येक जण अर्धपोटी व अशक्त असत. काही आपला आजारही लपवीत. भुकेल्या माणसाला बोल तरी कसा लावावा? परंतु त्यामुळे रुग्णाचा जीव धोक्यात येई.

मुंबईच्या लीलाताई मुळगावकरांना ही रीत बदलावयाची होती. त्यांचा जन्म १९१६ सालचा. पती सुमंत मुळगावकर हे टाटांच्या मोटार कारखान्याचे नामांकित प्रमुख. घरी कशाचीही वाण नव्हती. तरीही १९५४ साली त्यांनी स्वेच्छेने रक्त देण्याची चळवळ हाती घेतली. रक्त दिले की माणूस खंगतो, अशी पुष्कळांची समजूत होती. वास्तविक धडधाकट शरीरात ते काही आठवड्यांत पुन्हा भरून येते!

१९६३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्या निवर्तल्या. १९९८ साली देशात रक्ताच्या विक्रीवर बंदी आली. आता १८ ते ६५ वर्षे वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या निरोगी माणसाचेच रक्त घेतात. तेव्हा तुम्हांला अजून पाच-सात वर्षे थांबावे लागेल.