मुंबईच्या डॉक्टरमुळे सर्पगंधा जगभर पोहोचली: डॉ. रुस्तम जाल वकील यांची गोष्ट

सोलापुरात आज घराघरात बीपीची गोळी दिसते. सकाळी चहाबरोबर गोळी घ्यायची आणि दुपारी भाकरीबरोबर शेंगा चटणी, पापड, लोणचं थोडं जपून खायचं, हे अनेकांच्या अंगवळणी पडलंय. पण 80 वर्षांपूर्वी अशी रोज घेता येईल अशी भरवशाची गोळीच डॉक्टरांच्या हातात नव्हती. हे चित्र बदलण्यात मुंबईतल्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा होता. त्यांचं नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

वकील यांचा जन्म 1911 सालचा, पारशी कुटुंबातला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले. तिथे उत्तम यश मिळवून ते मुंबईला परतले आणि पुढे केईएम रुग्णालयात हृदयविकाराचे रुग्ण तपासू लागले.

त्या काळात उच्च रक्तदाबावर उपाय काय होते? विश्रांती, मीठ जवळपास बंद, झोपेची औषधं, आणि फारच गंभीर रुग्ण असेल तर मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या दिमतीला देशातले नामवंत डॉक्टर होते. तरीही वाढलेल्या रक्तदाबानंतर मेंदूत रक्तस्राव होऊन 1945 साली त्यांचा मृत्यू झाला. सामान्य माणसाची तर गोष्टच सोडा.

भारतात मात्र एक मुळी पिढ्यानपिढ्या वापरात होती. सर्पगंधा! सर्पदंश, निद्रानाश, वेड लागणं अशा तक्रारींवर वैद्य ती देत. ती रक्तदाबही उतरवते, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली लिहून ठेवलं होतं. देशातले अनेक डॉक्टर ती वापरतही होते. पण बाहेरच्या जगाला याचा पत्ता नव्हता.

वकील यांनी नेमकी हीच उणीव ओळखली. 'गुण येतो' एवढं म्हणून भागणार नव्हतं. त्यांनी रुग्णांना सर्पगंधा दिली, औषधाआधीचा आणि नंतरचा रक्तदाब मोजला आणि नोंदी ठेवल्या. अशा 50 रुग्णांवरचा त्यांचा लेख 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला.

मग चक्रं वेगाने फिरली. बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांना देऊन पाहिलं. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं. रक्तवाहिन्या आवळण्याचा निरोप मज्जातंतू ज्या रसायनातून पाठवतात, त्याचा साठाच रेसरपिन कमी करतं. निरोप मंदावला की रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो.

वकील यांना 1957 साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि 1958 साली पद्मभूषण. 1974 साली त्यांचं निधन झालं.

मग आज डॉक्टर सर्पगंधा का देत नाहीत? कारण तिचीही दुसरी बाजू पुढे आली. नाक चोंदणं, सुस्ती आणि काही रुग्णांमध्ये खोल नैराश्य, असे त्रास दिसले. पुढे जास्त सोयीची औषधं आली आणि रेसरपिन मागे पडलं. त्यामुळे बाजारातून सर्पगंधेची पूड आणून स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचंच आहे.

वकील यांच्या कामातून घ्यायचा धडा साधा आहे: आधी मोजा, मग बोला. उच्च रक्तदाब बहुतेकदा काहीच त्रास देत नाही, म्हणून मोजल्याशिवाय तो कळत नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा 140/90 किंवा त्याहून वर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. दिवसभरात सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक लहान चमचा, रोज चालणं, तंबाखू बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. ते बहुतेकदा गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.