कॉलिन चॅपमन : बिनछताच्या गाडीला कणा देणारा इंजिनिअर



बुटांचा एक रिकामा खोका घ्या. झाकण चिकटवून दोन्ही टोकांना धरून पिळून बघा. फारसा पिळत नाही. आता झाकण काढा. लगेच वेडावाकडा होतो ना? छत नसलेल्या मोटारीचं असंच होतं. एक चाक खड्ड्यात गेलं की सांगाडा पिळतो, दारं करकरतात आणि वळणावर गाडी हवी तशी वळत नाही.

कॉलिन चॅपमन यांचा जन्म १९२८ साली इंग्लंडमध्ये झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते बांधकामाचं इंजिनिअरिंग शिकले. १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून त्यांनी पहिली गाडी बनवली, आणि १९५२ मध्ये लोटस कंपनी काढली. ती वडिलांच्या हॉटेलामागच्या तबेल्यात!

त्यांच्या एलिट गाडीचं अख्खं अंग फायबरग्लासचं होतं. पण तिला छप्पर होतं. पुढची एलान उघडी करायची ठरली, तेव्हा घोडं अडलं. नुसतं फायबरग्लास पुरेना. इंजिन, चाकं वगैरे तपासायला म्हणून चॅपमन यांनी पोलादी पत्रा दुमडून, वेल्डिंग करून एक बंद पेटी तयार केली. दोन सीटच्या मधून जाणारी, दोन्ही टोकांना बेचक्यासारखी फाटलेली. ही तात्पुरती सोय इतकी ताठ निघाली की तीच कायम झाली. १९६२ ची एलान या कण्यावर उभी राहिली. वजन सातशे किलोच्या आसपास! (कण्याची कल्पना नवी नव्हती बरं का, टाट्राने ती १९२० च्या दशकातच वापरली होती.)

मुलांना कारण दाखवायचं तर एक कागद सपाट धरून पिळा, मग त्याचीच नळी करून कडा चिकटवा आणि पुन्हा पिळा. कागद तोच, फक्त आकार बंद झाला.

त्याच वर्षी त्यांनी शर्यतीच्या लोटस २५ चं अंगच सांगाडा म्हणून वापरलं. १९६३ मध्ये जिम क्लार्क त्याच गाडीवर जगज्जेता झाला.

पण हलकेपणाचा हा ध्यास महागही पडला, हे मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. गाडीचे भाग तुटतात, अशी तक्रार योखेन रिंट हा त्यांचाच चालक करत असे. १९७० मध्ये मोंझाला सरावात ब्रेकचा दांडा तुटल्याने लोटसला अपघात झाला आणि रिंट गेला. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं.

चॅपमन १९८२ च्या डिसेंबरात हृदयविकाराने गेले. वय अवघं ५४.