कँटरबरीचा आन्सेल्म

इ. स. १०३३ मध्ये आल्प्स पर्वताच्या कुशीतील आओस्ता नगरात आन्सेल्मचा जन्म झाला. आई एर्मेनबेर्गा निवर्तल्यावर बाप गुंडुल्फ याच्याशी त्याचे पटेना. तेव्हा घर सोडून, पर्वत ओलांडून तो फ्रान्स देशात उतरला. नॉर्मंडीतील बेक येथील मठात लान्फ्रांक नावाचा विख्यात गुरू होता. त्याची कीर्ती ऐकून आन्सेल्म तेथे गेला, आणि १०६० साली मठवासी झाला. पुढे १०७८ त तोच त्या मठाचा मुख्य झाला.

रात्रंदिवस फटके मारूनही मुले सुधारत नाहीत, अशी तक्रार एका मठाधिपतीने त्याच्याकडे केली. चोहोकडून कोंडून ठेवलेले रोप वेडेवाकडेच वाढणार, हे त्याने त्या गृहस्थास समजावून दिले. आमच्या शिक्षकबंधूंनी हे ध्यानात ठेवावे.

देव आहे हे एकाच युक्तिवादाने सिद्ध करता येईल काय, या विचाराने त्याची अन्नझोप उडाली. एका रात्री उपासनेच्या वेळी त्याला वाट सापडली. ज्याहून थोर असे काही कल्पिताच येत नाही तो देव. आणि केवळ मनात असण्यापेक्षा प्रत्यक्ष असणे थोर. म्हणून देव केवळ मनात असू शकत नाही, असा त्याचा आशय होता. हे त्याने मेणाच्या पाट्यांवर लिहिले. त्या हरवल्या. पुन्हा लिहिले, तर पाट्या फुटलेल्या आढळल्या. तुकडे जुळवून अखेर ते चर्मपत्रावर उतरविले. हाच ‘प्रोस्लोगिऑन’ ग्रंथ होय.

मार्मूत्ये येथील गौनिलो नामक मठवाशाने त्यावर आक्षेप घेतला. सर्वांत उत्तम अशा बेटाची कल्पना केली, एवढ्याने ते बेट समुद्रात आहे असे ठरते काय? आन्सेल्म रागावला नाही. त्याने आक्षेपकाचे आभार मानले, उत्तर लिहिले, आणि आक्षेप व उत्तर ही दोन्ही आपल्या ग्रंथाच्या शेवटी नकलून घ्यावी, अशी आज्ञा केली.

१०९३ साली इच्छा नसताना त्यास कँटरबरीचे महाधर्माध्यक्षपद घ्यावे लागले. दोन राजांशी धर्मसत्तेच्या हक्कांविषयी तंटा होऊन तो दोनदा देशांतरास गेला. देव मनुष्य का झाला, याविषयीचा त्याचा ग्रंथ १०९८ त अशाच प्रवासात पुरा झाला. एडमर नामक शिष्य आपले चरित्र लिहीत आहे असे कळताच त्याने ते नष्ट करावयास सांगितले. एडमरने आज्ञा पाळली, पण आधी नक्कल करून ठेवली. म्हणून वरील पुष्कळ हकीगत आपणांस ठाऊक आहे. २१ एप्रिल ११०९ रोजी आन्सेल्म मरण पावला.

त्याचा वाद मात्र चालूच राहिला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने हा युक्तिवाद नाकारला. १६४१ त देकार्तने तशाच युक्तिवादाचा आश्रय केला. १७८१ त कान्टने तो पुन्हा खोडून काढला. १९३१ साली कार्ल बार्थ याने तो विश्वासातून उगवलेला विचार म्हणून वाचावा, असे प्रतिपादिले. फ्रान्सिस्कुस श्मिट याने १९३८ ते १९६१ या काळात जुनी हस्तलिखिते ताडून त्याचे सर्व ग्रंथ सहा खंडांत शुद्ध करून छापले.

वाचकहो, मंडळीत मतभेद झाला म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे लंगडे करून सांगण्याची आपणांस सवय आहे. आन्सेल्मने ते स्वतःच्या पुस्तकात अखंड जपले. त्याची सिद्धता खरी की खोटी, हे पंडित ठरवोत; त्याचा हा न्यायीपणा मात्र आम्हां सर्वांच्या आवाक्यातील आहे.