सर फ्रँक व्हिटल

आकाशांतून सुसाट जाणाऱ्या जेट विमानाचें आज कोणास नवल वाटत नाहीं. परंतु त्याच्या एंजिनाचा ध्यास घेणाऱ्या एका तरुणास किती वेळां नकार ऐकावा लागला, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

फ्रँक व्हिटल यांचा जन्म १ जून १९०७ रोजीं इंग्लंडांतील कव्हेंट्री शहरीं एका कारागिराच्या घरीं झाला. वडिलांच्या लहानशा कारखान्यांत त्यांचा हात यंत्रांवर बसला. हवाई दलांत शिकाऊ म्हणून शिरण्यास ते गेले, तों उंची अवघी पांच फूट भरल्यामुळें त्यांस परत पाठविण्यांत आलें. व्यायामानें त्यांनीं उंची वाढविली, तरी पुन्हा नकारच मिळाला. अखेर १९२३ सालीं त्यांस प्रवेश मिळाला. पुढें क्रॅनवेल येथें अधिकाऱ्याचें शिक्षण घेत असतां त्यांनीं १९२८ सालीं एका निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, फार वेगानें जावयाचें तर विमानानें विरळ हवेंतून, पुष्कळ उंचावरून उडालें पाहिजे. आणि तेथें पंखा व पिस्टनचें एंजिन पुरें पडणार नाहीं.

पुढील वर्षीं त्यांस उपाय सुचला. समोरून हवा ओढून दाबावयाची, तींत इंधन जाळावयाचें आणि तप्त वायूचा झोत मागें सोडावयाचा, म्हणजे विमान पुढें ढकललें जातें. जातां जातां तोच झोत एक चक्र फिरवितो व त्या चक्राच्या बळावर हवा दाबणारें यंत्र चालतें. हवाई मंत्रालयास ही कल्पना अव्यवहार्य वाटली. व्हिटल यांनीं जानेवारी १९३० मध्यें पेटंटासाठीं अर्ज केला. परंतु १९३५ सालीं त्याच्या नूतनीकरणाचे पांच पौंड भरण्यास सरकार तयार होईना, व त्यांच्यापाशींहि ते नव्हते. हक्क गेला.

तथापि हवाई दलांतील दोन माजी अधिकारी पाठीशीं उभे राहिले व १९३६ सालीं पॉवर जेट्स ही कंपनी निघाली. १२ एप्रिल १९३७ रोजीं रग्बी येथें एंजिन प्रथम चाललें, आणि आवरेनासें झालें. जवळचीं माणसें पळालीं. व्हिटल तेथेंच उभे राहिले; तें शौर्यानें नव्हे, तर भीतीनें पाय खिळल्यामुळें!

इकडे ही धडपड चालू असतांच जर्मनींत हान्स फॉन ओहाइन यांनीं स्वतंत्रपणें रचलेल्या एंजिनावर हायन्केल कंपनीचें विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजीं उडालें. इंग्लंडांत जॉर्ज कार्टर यांनीं व्हिटल यांच्या एंजिनासाठीं ग्लॉस्टर ई.२८/३९ हें लहानसें प्रायोगिक विमान रचलें. १५ मे १९४१ रोजीं सायंकाळीं, क्रॅनवेलच्याच मैदानावरून, वैमानिक जेरी सेयर यांनीं तें सतरा मिनिटें उडविलें. पुढें व्हिटल यांच्याच धर्तीचीं दोन एंजिनें बसविलेलें मीटिअर हें लढाऊ विमान जुलै १९४४ मध्यें हवाई दलांत दाखल झालें.

अतिश्रमानें व्हिटल यांची प्रकृति मात्र ढासळली. १९४४ सालीं त्यांची कंपनी सरकारनें आपल्याकडे घेतली. १९४८ सालीं ते निवृत्त झाले. त्यांस सर ही पदवी व एक लाख पौंडांचें पारितोषिक मिळालें. ऑगस्ट १९९६ मध्यें अमेरिकेंत त्यांचें देहावसान झालें. तें पहिलें विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत जपून ठेविलें आहे.

चिकाटीचें फळ गोड असतें, हा बोध या चरित्रांत आहेच. पण पांच पौंडांपायीं सुटलेल्या हक्कांत वडीलधाऱ्यांसाठींहि एक बोध आहे. घरांतील वा वर्गांतील एखादें मूल कांहीं विलक्षण बोलूं लागलें, तर तें अशक्य म्हणून झिडकारण्यापूर्वीं क्षणभर ऐकून घ्यावें. गेलेला पैसा परत मिळवितां येतो. गेलेलीं वर्षें येत नाहींत.