कोशकार माधव ज्यूलियन आणि ‘मजबूत’ची शब्दकुळी

माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव ज्यूलियन यांचे नाव मराठी वाचकाला प्रथम कवी म्हणून आठवते, नंतर छंदःशास्त्रज्ञ म्हणून, आणि कोशकार म्हणून सर्वांत शेवटी. वस्तुतः त्यांच्या वाङ्मयीन जीवनातील सर्वांत अवघड प्रश्न या कोशकारानेच उभा केला आहे. मराठीत रुळलेल्या फार्सी-अरबी शब्दांचा कोश ज्याने सिद्ध केला, त्यानेच पुढे असे शब्द मराठीतून दूर करण्याचा आग्रह धरला. या दोन भूमिकांत विसंगती आहे की एकाच ज्ञानाची ती दोन टोके आहेत, हे त्यांचे चरित्र आणि एखादा नेहमीचा शब्द शेजारी ठेवून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते.

पटवर्धनांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास झाला. फार्सी आणि इंग्रजी या दोन्ही वाङ्मयांचा त्यांचा व्यासंग विद्यार्थिदशेतच दृढ झाला होता. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते फार्सीचे अध्यापक झाले. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील ते अग्रणी कवी होत. खासगी आयुष्यावरून उठलेल्या वादंगात त्यांना फर्ग्युसन सोडावे लागले, काही वर्षे अस्थिरतेत गेली, आणि १९२८ मध्ये ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फार्सीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. याच अस्थिर काळाच्या सुमारास, १९२५ मध्ये, त्यांचा फार्सी-मराठी कोश भारत इतिहास संशोधक मंडळाकडून प्रसिद्ध झाला. ऐतिहासिक मोडी कागद वाचणाऱ्या संशोधकाला पावलोपावली फार्सी शब्द अडत. ती अडचण दूर करणे हा या कोशाचा उघड उपयोग होता. त्याचा दुसरा परिणाम मात्र अधिक खोल होता. मराठी माणूस ज्यांना आपले समजत होता, अशा शेकडो शब्दांचे माहेर त्याने दाखवून दिले.

‘मजबूत’ हा शब्द घ्यावा. धरून ठेवणे, आवरणे, ताब्यात घेणे या अर्थाच्या अरबी धातूपासून तो बनला असून फार्सीच्या द्वारे मराठीत आला. जप्त आणि जप्ती हे शब्द त्याच धातूचे, आणि नियम किंवा शिस्त या अर्थाचा जाबताही त्याच कुळातला. शिवकालीन अष्टप्रधानांची कर्तव्ये सांगणाऱ्या कागदाला आपण कानुजाबता म्हणतो. ज्या राज्याने परभाषी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला, त्याच राज्याच्या परंपरेत हे नाव टिकून राहिले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. युद्धसामग्रीच्या शब्दांचेही तसेच आहे. चिलखत आणि बख्तर हे फार्सीतून आलेले शब्द होत. शिवाजी महाराजांच्या प्रतिमेशी एकरूप झालेल्या जिरेटोपातील जिरे म्हणजे कड्यांच्या चिलखताला असलेला फार्सी शब्द जिरह.

पटवर्धनांच्या आरंभीच्या कवितेत अशा शब्दांची रेलचेल आहे. गज्जल आणि रुबाई हे रचनाप्रकार त्यांनी मराठीत रुजवले. उमर खय्यामच्या रुबायांचे मूळ फार्सीवरून केलेले त्यांचे भाषांतर १९२९ मध्ये आले. परंतु पुढे ते सावरकरप्रणीत भाषाशुद्धीच्या चळवळीकडे वळले. १९३६ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी छंदोरचनेवरील कार्यासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठी विषयासाठी त्या विद्यापीठाने दिलेली ती पहिलीच डी. लिट्. होय. आपल्याच आधीच्या रचनेतील परके शब्द बदलण्यापर्यंत त्यांची शुद्धिनिष्ठा गेली.

या निष्ठेचा आधार अज्ञान नव्हता, ज्ञान होते. परका शब्द कोणता, हे त्यांच्याइतके नेमके फारच थोड्यांना ठाऊक होते. मात्र मूळ दाखवणे हे कोशाचे एक काम झाले. शब्दाचा आजचा अर्थव्यवहार दाखवणे हे दुसरे, आणि तेथे शुद्धीचा निकष अपुरा पडतो. मजबूतच्या आसपास मराठीत दृढ, भक्कम, घट्ट, टणक, दणकट, कणखर, खंबीर, ठाम असे कितीतरी शब्द आहेत. तरी गाठ घट्ट असते, निश्चय दृढ, पुरावा भक्कम, लाकूड टणक, शरीर दणकट, मन खंबीर आणि मत ठाम. शिवाय मजबूत पैसा मिळवणे किंवा मजबूत मार खाणे या प्रयोगांत मजबूत म्हणजे पुष्कळ. येथे पक्केपणाचा अर्थ मागे पडून विपुलतेचा अर्थ पुढे आला आहे. त्या जागी दृढ घातला तर वाक्यच मोडते. चिलखत आणि कवच यांनीही कामे वाटून घेतली आहेत. योद्ध्याच्या अंगावर चिलखत असते, तर स्तोत्रात आणि लाक्षणिक बोलण्यात कवच येते. पर्यायी शब्द उपलब्ध असणे आणि तो त्या जागी बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पटवर्धनांच्या पश्चात या प्रश्नाची एक कसोटी ठाणे जिल्ह्यात आपोआप लागली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाणारी सिंधी भाषा मजबूत हा शब्द आपल्याबरोबर घेऊनच आली होती. येथे त्याला मराठी मजबूत भेटला. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांना या शब्दासाठी दुभाष्याची गरज नव्हती. शेजारच्या अंबरनाथला शके ९८२ च्या लेखाचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे आणि स्वातंत्र्योत्तर काळातील आयुध निर्माणीही आहे. तेथील कामगाराच्या तोंडी मजबूत आणि भक्कम शेजारी नांदतात. त्यापुढच्या बदलापूरचे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. ती ग्राह्य धरली, तर त्या गावाच्या नावातला बदलही मूळचा अरबीच ठरतो. अशा शब्दांना परके म्हणून बाहेर काढायचे, तर गावांची नावेही पुन्हा ठेवावी लागतील.

२९ नोव्हेंबर १९३९ रोजी पुण्यास पटवर्धनांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते. कोश आणि भाषाशुद्धिविषयक ग्रंथ यांत तेरा वर्षांचे अंतर आहे, आणि दोहोंची मांडणी जुळवून पाहण्यास त्यांना पुढे अवधी मिळाला नाही. त्यांच्या शुद्धिवादाचे मूल्यमापन करताना केवळ उत्तरायुष्यातील आग्रह पाहणे अन्यायाचे होईल. नव्या संकल्पनेसाठी आयता परका शब्द उचलण्यापूर्वी आपली भांडारे धुंडाळावीत, हा त्या विचारातील ग्राह्य अंश आजही टिकणारा आहे. न टिकणारा अंश कोणता, हे दाखवण्याचे साधन मात्र त्यांनी स्वतःच १९२५ मध्ये अभ्यासकांच्या हाती दिले होते. शब्द कोठून आला हे त्यांचा कोश सांगतो, आणि तो आता कोणाचा आहे हे त्याचा वापर ठरवतो. कोशकार पटवर्धनांचे हे ऋण भाषाशुद्धीचे समर्थक आणि विरोधक या दोघांवरही आहे.