दादासाहेब फाळके

सिनेमा म्हटलं की सगळे मुंबईचं नाव घेतात. पण आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट काढणारे दादासाहेब फाळके आपल्या नाशिक जिल्ह्यातले. त्यांची माहिती मी सांगतो.

त्यांचे खरे नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जादूचे खेळ, सगळं ते शिकले. मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताचा चित्रपट पाहिला आणि आपले रामकृष्ण पडद्यावर आणायचेच असा ध्यास घेतला. विम्याची पॉलिसी गहाण टाकली. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला. वाटाण्याचे रोप कसे वाढते त्याची फिल्म काढून दाखवली, तेव्हा कुठे भांडवल मिळालं.

पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. त्या अंधारात बसून फिल्मच्या पट्टीला भोके पाडत, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. मला वाटतं, निम्मा सिनेमा त्यांचाच! बायका काम करायला तयार नव्हत्या, म्हणून साळुंके नावाचा हॉटेलातला आचारी तारामती झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

मग दादासाहेब नाशिकला आले. इथे गोदावरीचे घाट, देवळे, डोंगर, सगळा देखावा आयता. 'लंकादहन' (१९१७) बघायला लोकांची झुंबड उडाली. 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

मग सिनेमाची नगरी नाशिक का नाही झाली? आपल्या द्राक्षांचंच बघा ना. वेल दिंडोरीत, पण मोठा बाजार दुसरीकडे. कोरी फिल्म परदेशातून बोटीने यायची ती मुंबई बंदरात. पैसेवाले शेठ तिथे, नाटक कंपन्यांतले नट आणि पडदे रंगवणारे तिथे, थिएटरेही तिथेच. गिरण्यांत कामाला आलेले मुलखामुलखाचे लोक म्हणजे रोजचे प्रेक्षक. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत (१९१८) सुद्धा पैसा मुंबईच्या भागीदारांचा होता. त्यांच्याशी पटेना, म्हणून दादासाहेब काही काळ काशीला निघून गेले.

१९३१ साली मुंबईत 'आलम आरा' हा बोलपट निघाला. मूकपट मागे पडले. दादासाहेबांनी शेवटचा 'गंगावतरण' १९३७ मध्ये कोल्हापूरच्या कंपनीसाठी काढला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकलाच वारले. तेव्हा हाती पैसा फारसा नव्हता.

गोरेगावच्या चित्रनगरीला आता त्यांचे नाव आहे. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.