रमाकांत देसाई

रमाकांत भिकाजी देसाई (२० जून १९३९, मुंबई – २७ एप्रिल १९९८, मुंबई) हे भारताकडून कसोटी क्रिकेट खेळलेले उजव्या हाताचे जलद-मध्यमगती गोलंदाज होते. २८ कसोटी सामन्यांत त्यांनी ७४ बळी घेतले. उंची साडेपाच फुटांहूनही कमी असल्यामुळे ते 'टायनी' या टोपणनावाने ओळखले जात. मात्र त्यांचा उसळता चेंडू भल्याभल्या फलंदाजांना चकवीत असे.

कारकीर्द

१९५८-५९ या रणजी करंडकातील पहिल्याच हंगामात त्यांनी मुंबईसाठी ५० बळी मिळविले. त्याच हंगामात, फेब्रुवारी १९५९ मध्ये, दिल्ली येथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. पाहुण्यांनी ८ बाद ६४४ धावा केलेल्या त्या डावात एकोणीस वर्षांच्या देसाईंनी ४९ षटके टाकून १६९ धावांत ४ बळी घेतले. पदार्पणातील हा भार पुढील कारकिर्दीचा नमुनाच ठरला. भारतातील खेळपट्ट्या संथ, दुसऱ्या टोकाकडून तुल्यबळ वेगवान साथीदार क्वचितच, आणि संघाची मुख्य भिस्त फिरकीवर. अशा परिस्थितीत लहान चणीच्या या गोलंदाजाला दीर्घकाळ जवळजवळ एकट्याने मारा करावा लागला.

१९५९ मध्ये लॉर्ड्स येथे त्यांनी ८९ धावांत ५ बळी घेतले. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पाच अनिर्णित कसोटींत त्यांनी २१ गडी बाद केले. याच मालिकेतील मुंबई कसोटीत दहाव्या क्रमांकावर येऊन त्यांनी ८५ धावा काढल्या आणि यष्टिरक्षक नाना जोशी यांच्यासह नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भागीदारी केली. डावातील त्यांची सर्वोत्तम कामगिरी (५६ धावांत ६ बळी) १९६५ मध्ये मुंबईतच न्यूझीलंडविरुद्ध नोंदली गेली.

अखेरची कसोटी व निवृत्ती

फेब्रुवारी १९६८ मधील ड्युनेडिन कसोटी ही त्यांची अखेरची ठरली. भारताच्या पहिल्या डावात डिक मोट्झ यांचा चेंडू लागून त्यांच्या जबड्याचे हाड मोडले. तरीही त्यांनी मैदान सोडले नाही. बिशनसिंग बेदी यांच्यासह अखेरच्या गड्यासाठी ५७ धावांची भर घालून ते ३२ धावांवर नाबाद राहिले. भारताने हा सामना पाच गडी राखून जिंकला. परदेशातील भारताचा हा पहिलाच कसोटी विजय होय. उसळत्या चेंडूसाठी ख्यात असलेल्या गोलंदाजाची कसोटी कारकीर्द अशी उसळत्या चेंडूंच्या देशी नव्हे, तर परक्या माऱ्यापुढे, हाती बॅट असताना संपली.

१९६८-६९ च्या हंगामानंतर ते प्रथम श्रेणी क्रिकेटमधूनही निवृत्त झाले. वेगवान गोलंदाज ज्या वयात परिपक्व होतो, त्या तिशीच्या उंबरठ्यावरच त्यांनी खेळ थांबविला. मुंबईकडून ते खेळले त्या अकराही हंगामांत रणजी करंडक मुंबईकडेच राहिला.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. हे पद सोडल्यानंतर अल्पावधीतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.